बसप्पाचा उजवा हात

करवतीच्या दात्यांसारख्या छपरातून चैत्रातले ऊन तिरपे उतरले, की बसप्पाभोवती तरंगणारे कापसाचे तंतू पेटल्यासारखे दिसत. त्या पांढऱ्या धगीत उभा राहून तो मागात आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला ओठ लावी आणि एका श्वासात सूत ओढून घेई. गुलबर्ग्याच्या त्या गिरणीत माग एकदम गरजू लागले, की कुणाचाच आवाज उरत नसे. आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलत असू. बसप्पाचा उजवा हात तर चेष्टासुद्धा करी; साहेबाची चाल तो दोन बोटांवर चालवून दाखवी आणि अख्खी रांग निःशब्द हसे.

मी त्याचा जॉबर, म्हणजे त्याच्या रांगेतले माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. मी उघडा तळवा कपाळाला लावला, की अर्थ एकच: माग फिरवणारा पट्टा उतरवला आहे, हात घाल. त्या दिवशी पट्ट्याकडे न पाहताच मी तळवा कपाळाला लावला. घाई कसली होती, तेही आता आठवत नाही. मागाने त्याचा हात मनगटापासून नेला. चौकशीत मी म्हणालो, खूण केलीच नव्हती. इतरांच्या नजरा आपापल्या सुतावर होत्या. माझा शब्द खरा ठरला आणि बसप्पा भरपाईविना आपल्या गावी, खजुरीला परतला.

आता त्या बंद पडलेल्या गिरणीचे ऐतिहासिक उद्यान झाले आहे. धुरांड्यावर जांभळे दिवे, बॉयलरला तांबडा रंग, मागखात्यात हिरवळ. जपून ठेवलेल्या त्या एका मागावर पितळी पाटी आहे: ‘येथे एका निष्काळजी कामगाराने स्वतःच्या चुकीने हात गमावला.’ माझे खोटे असे चकचकीत झाले आहे. लोक मागात मनगट घालून, किंचाळल्याचे तोंड करून फोटो काढतात. नातीकडे राहायला आलेला बसप्पा रोज संध्याकाळी समोरच्या कट्ट्यावर बसतो. मागांनी त्याचे कान कधीच नेले. वाटाड्या ती पाटी वाचून दाखवतो, तेव्हा तो त्याच्या ओठांवरून प्रत्येक अक्षर वाचतो.

मी वाटाड्याला खरे सांगितले. तो हसला. “काका, आता कामून उकरायलाव? पाटी बसली की. अन् लोकांला हीच गोष्ट आवडायलीय.”

मग मी बसप्पासमोर बसलो आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणालो, “खूण मीच केली होती.”

तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलला. फोटो काढणारे वळून पाहू लागले.

“मला कामून सांगायलास, जॉबर? मी तर बघितलं होतं. माझ्या बायकोला सांगायचं होतं. तुझंच खरं मानून माहेरी गेली ती. जा, सांग तिला. मैलूरच्या मातीत निजलीय. तिला येतंय का बघ, ओठ वाचायला.”

मी क्षमेचा शब्द जुळवत होतो, तोच त्याने डोळे मिटून घेतले. माझे ओठ बराच वेळ हलत राहिले. अंधार पडल्यावर रखवालदाराने शिट्टी वाजवली, तेव्हाही त्याने डोळे घट्ट मिटूनच ठेवले होते.

पाटी अजून तशीच आहे. म्हणून इथे लिहितो: बसप्पाची चूक नव्हती. काळ काहीच पुसत नाही; ज्यांना सांगायचे, त्यांना तेवढे आधी घेऊन जातो, आणि आठवण मात्र सांगणाऱ्यापाशी ठेवून जातो.