लाल तुती

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरामागे तुतीचं झाड आहे. त्या वर्षी ते तोडायचं ठरलं, आणि ठरलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

माझा मुलगा हर्षवर्धन नव्यानेच निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. आमच्या वेळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. आता कंपनीच कर्ज देत होती आणि शोरूमवाला घरी फोन करत होता. पाडव्याला पांढरी मारुती येणार होती. तिच्यासाठी परसातली जागा ठरली, आणि तिथे मधोमध तुती.

"फळं पडून गाडी जांभळी होईल, बाबा. रविवारी अप्पाराव येतोय, कापून टाकेल."

मी "बरं" म्हणालो. मी जामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. "बरं" आणि "शांतता राखा", एवढ्यावर माझी सगळी नोकरी निभली.

तो गेल्यावर माझी बायको, त्रिवेणी, म्हणाली, "झाड तुमच्या आईनं लावलेलं. तोंडातून शब्द फुटला नाही?"

"त्याची गाडी आहे. हौसेनं घेतोय."

"आणि मी हौसेनं मुरंबा करते, त्याचं काय?"

मी म्हटलं, निदान या वर्षीचा, शेवटचा, मुरंबा मी करतो. तिचा हात प्लास्टरमध्ये होता, आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं. तिने साखरेचा डबा काढून दिला.

शनिवारी सकाळी, बुलबुल यायच्या आत, झाडाखाली जुनी चादर अंथरली. फांदी हळूच हलवली की पिकलेलं फळ आपण होऊन पडतं. जे पडलं तेवढंच घेतलं. काळीभोर, मऊ फळं होती. एकेकाचा देठ कात्रीनं कापला, साखर पेरून ठेवली आणि पाणी सुटल्यावर पातेलं गॅसवर चढवलं. घरभर वास सुटला. मला वाटलं, जमतंय की.

जमलं मात्र नाही. थंड ताटलीत थेंब टाकून ती कलती केली की थेंब पळायचा. अजून आटवलं. रंग काळपट झाला, थेंब पळतच राहिला.

"सरबत केलंत," त्रिवेणी दारातून म्हणाली. "लाल कुठे आहेत?"

"कसल्या लाल?"

"कच्च्या तुती. आंबट. त्या घातल्याशिवाय मुरंबा धरत नाही. तुम्ही पडल्या तेवढ्याच वेचल्यात ना?"

"तोडवत नाही मला."

"माहितीये. लग्न झाल्यापासून बघतेय. ताटात पडेल ते खायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही."

मी गॅस बंद केला, स्टूल घेतलं आणि परसात गेलो. लाल फळ सहजासहजी सुटत नाही. देठाशी धरून पीळ द्यावा लागतो. पहिलं तोडताना फांदी सगळी हलली आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. मूठ भरत आली तेव्हा मात्र मी आणखी वरच्या फांदीकडे हात घातला होता.

तेवढ्यात हर्षवर्धन आला. "बाबा! पडाल! कायकू चढलात?"

स्टुलावर उभं राहून बोलणं सोपं जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं. "हर्षू, झाड तोडायचं नाही."

"आं?"

"तोडायचं नाही. अप्पारावला मी सांगतो."

"मग गाडी काय रस्त्यावर ठेवू?"

"फाटकाजवळच्या शेडमध्ये ठेव."

त्या शेडमध्ये माझी पुस्तकं होती, जमिनीपासून पत्र्यापर्यंत. हर्षवर्धनने शेडकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी पहिल्यांदा शेडच मोजली होती, बाबा. गाडी आरामात बसते. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही 'बरं' म्हणाला असतात आणि चार दिवस जेवला नसतात. म्हणून म्हटलं, झाड जाऊ दे, पुस्तकं राहू देत."

पोरगं माझ्यासाठीच झाड तोडायला निघालं होतं, आणि मी त्याच्यासाठी तोडू देत होतो.

"आता मीच सांगतोय," मी म्हणालो. "तू 'बरं' म्हण."

"हौ," तो हसला. "पण पुस्तकं ठेवायची कुठे?"

"माझ्या डोक्यावर!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्रिवेणी ओरडली. "आधी त्या लाल आणा, पातेलं निवतंय!"

लाल फळं चेचून घातली, पुन्हा उकळी आणली. रंग उजळला. ताटलीत थेंब टाकला, कलती केली. थेंब जागचा हलला नाही. मी ताटली त्रिवेणीसमोर धरली. तिने चाटून बघितलं आणि पुन्हा बोट बुडवलं.

रविवारी अप्पाराव कुऱ्हाड घेऊन आला. हर्षवर्धन बाहेर यायच्या आत मी फाटकाशी गेलो.

"नक्को, अप्पाराव. झाड राहू दे. आज पुस्तकं उचलायची आहेत."

त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं. "इतनी?"

"इतनी," मी म्हणालो. "पहले नाश्ता. चपाती और शहतूत का मुरब्बा."

त्याने कुऱ्हाड तुतीच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि हात धुवायला नळावर गेला.