तीन ताऱ्यांचा पंप

मी फवारणीचा पंप बोलतोय. सोळा लिटरची टाकी, खाली बॅटरी, दोन पट्टे, एक लांब नळी. मला मिळालेले तारे तीन. पाचपैकी तीन! माझ्या खोक्यावर पाच छापलेले आहेत, म्हणून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. ते पाच कंपनीनं छापले होते. हे तीन मी कमावलेत.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. साच्यातून निघालो, झाकण बसलं, कुणीतरी 'तपासला' असा शिक्का मारला. तपासलं कुणीच नव्हतं. मला त्याचा अजून राग येतो.

परभणीहून झरी गावात आलो तो नागनाथरावांच्या सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं बांधून. मागवलं होतं त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं. ती बी.एस्सी. झालेली. सकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि दुपारी एका संकेतस्थळावर वस्तूंची परीक्षणं लिहायची. तिथं लोक आपण वापरलेल्या वस्तूंबद्दल लिहितात, तारे देतात. पन्नास परीक्षणं झाली आणि ती वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडली, की नावापुढं हिरवी खूण येते : 'भरवशाचा परीक्षक'. मग तुमचं मत सगळ्यांच्या वर दिसतं.

संघप्रियाची एकोणपन्नास झाली होती. पन्नासावा मी. कंपनीनं मला परीक्षणासाठी फुकट पाठवलं होतं.

ही खूण तिला मिरवायला नको होती. आदल्या वर्षी नागनाथरावांनी पाच तारे बघून एक पंप घेतला, तो महिन्याभरात बंद पडला. त्याच्याखाली शंभर जणांनी 'एक नंबर पंप' असं लिहिलेलं. "ह्यातल्या एकानंही तो हातात धरला नसेल," संघप्रिया चिडून म्हणायची. "खोट्यांचं वर आणि वापरणाऱ्याचं खाली, हे मी चालू देणार नाही."

पण चिडलेल्या माणसाला घाई असते. तिनं मला ओट्यावरच्या तिपाईवर ठेवलं, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, बटण दाबलं. तुषार असे उडाले की समोरच्या भिंतीवर इंद्रधनुष्य दिसलं. मीही फुशारलो. संध्याकाळच्या आत परीक्षण गेलं : पाच तारे. दहा दिवसांत खूण मिळेल, असं उत्तर आलं.

मला अजून कुणी पाठीवर घेतलंच नव्हतं!

इथल्या चार घरांची सावड आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. माणसं फिरतात तशी अवजारंही फिरतात. नवी वस्तू तर आधी फिरते, मग घरात टेकते. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या कुसुमबाईंच्या पाठीवर चढलो. निंबोळीचा अर्क भरला आणि आम्ही कपाशीत शिरलो. त्या पानाखाली मारायला वाकल्या, तेव्हा माझ्या झाकणातून पहिली धार निघाली. मी थांबवायचा खूप प्रयत्न केला. झाकणातली रबरी चकतीच लहान होती, मी काय करणार?

दुपारी कुसुमबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या. लुगडं पाठीला चिकटलेलं, अंगाला कडू वास.

"संघप्रिया, ह्यो पंप पाठीवर घेतलास का गं तू?"

"नाही मावशी. का?"

"मंग कशावर घेतला? फोनवर?"

संघप्रियानं माझं झाकण दाबून बघितलं.

"समदं पाठीवर गळायलाय. आज लिंबोळी होती म्हून हसायलेय. उद्या जहाल औषध असलं म्हंजी?"

संघप्रियानं मला उचललं, काठोकाठ भरलं आणि स्वतःच्या पाठीवर घेतलं. पहिल्या ओळीच्या शेवटी तिचे खांदे दुखू लागले. तिसऱ्या ओळीत पाठ भिजली. ती परत आली ती थेट फोन घेऊन बसली.

"काय करायलीस?" नागनाथरावांनी विचारलं.

"तारे बदलतेय, बाबा."

त्यांनी नियम वाचलेला होता. दिलेले तारे कमी केले की सगळी परीक्षणं पुन्हा तपासतात आणि खूण सहा महिने लांबते. "दहा दिवस दम धर की. खूण येऊ दे, मग बदल. वरनं बोलशील तर चार लोक जास्ती ऐकतील."

मला वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय. तीही क्षणभर थांबली. मग म्हणाली, "दहा दिवसांत कितीजणांच्या पाठी भिजतील? माझे पाच तारे बघून घेतील ते."

पाचाचे दोन झाले. तिनं खाली लिहिलं : 'आधीचं परीक्षण मी पंप पाठीवर न घेता लिहिलं होतं. चूक माझी.' कंपनीचा निरोप तासाभरात आला : ताई, पाचच राहू द्या, आणखी एक पंप पाठवतो. तिचं उत्तर मी ऐकलं, कारण ती ते मोठ्यानं बोलत लिहीत होती : "पंप नको. नीट झाकण पाठवा."

झाकण आलं नाही. कुसुमबाईंनीच सायकलची फुटकी ट्यूब कापून चकती केली आणि माझ्या झाकणात दाबून बसवली. मग मी चारही घरांत फिरलो. चाळीस टाक्या झाल्या, थेंब गळला नाही. तेव्हा संघप्रियानं ट्यूब कशी कापायची तेही लिहिलं आणि तारे तीन केले. दोन माझे, एक कुसुमबाईंच्या चकतीचा.

तेव्हापासून तिची रीतच ठरली. कंदील असो की कुकर, आधी सावडीत फिरायचा. परीक्षणात पहिल्याच ओळीत यायचं : 'वापरणारी घरं चार, दिवस वीस.' पुढं तिघी-चौघींची मतं, त्यांच्याच शब्दांत. दूरदूरचे अनोळखी लोक लिहू लागले, तुमचं वाचून घेतलं, फसलो नाही.

खूण आली ती माघात. ओट्यावर कुसुमबाई तूर पाखडत होत्या.

"मावशी, मिळाली!"

"दाव." त्यांनी डोळे बारीक करून फोन लांब धरला. "एवढीशी? ह्याच्यासाठी सा म्हैने?"

"हाव."

"मंग आता लोक ऐकतेत का तुझं?"

"ऐकतील."

"आमी तर तारे बदललेस तवापसून ऐकायलोत," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. संघप्रिया हसली, आणि मग बराच वेळ फोनकडं न बघता तूर निवडत बसली.

आता मी पडवीतल्या खुंटीवर असतो. एक पट्टा जुन्या सतरंजीचा आहे, नळीला तार गुंडाळलीय, पण झाकण कोरडं आहे. मी सुखात आहे. एवढंच सांगायचंय की, तारे देणाऱ्यांनो, बोट उचलायच्या आधी एकदा पाठ पुढं करा.

कालच एक मिक्सर आलाय. खोक्यावर पाच तारे आणि तोरा बघा! रात्रभर माझ्या शेजारी बढाया मारत होता. सकाळी कुसुमबाई त्याला न्यायला आल्या, वाटायला लाल मिरच्या घेऊन.

"जा बाबा," मी त्याला म्हटलं. "चार घरं फिरून ये. मग बोलू."