बाबांनी केलेली खूण

माझे वडील जन्मापासून बहिरे. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकबांधणी केली. त्यांच्यामुळे खुणांची भाषा मला बोलण्याआधी आली आणि पुढे तोच माझा पोटापाण्याचा धंदा झाला. कोणी भाषण करू लागलं, की शेजारी उभं राहून मी ते हातांनी सांगते.

आमच्या भागातल्या आमदारबाई युद्ध आणि हवामानबदल या दोनच विषयांवर सभा घेत फिरायच्या. पक्षातले लोक त्यांना पाठीमागे ‘हवामान खातं’ म्हणत. एका दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांची सभा होती. साठ खुर्च्या, वीसेक माणसं, आणि पहिल्या रांगेत बाबा नि त्यांचे दोन बहिरे मित्र.

बाई तळमळीने बोलत होत्या, पण वाक्यं लांबलचक. ‘हवामानबदल’ आला की मी आपली ‘हवा’ आणि ‘बदल’ अशा दोन खुणा जोडून पुढे जात होते. चौथ्यांदा जोडल्या तेव्हा भर सभेत बाबांनी हात वर केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांचं म्हणणं मोठ्याने सांगणं हेही माझंच काम.

“ते विचारतायत,” मी म्हणाले, “हवा तर रोजच बदलते. त्यात घाबरायचं काय?”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले आणि बाबांनाच विचारलं, तुमच्या कामात तुम्हाला काही वेगळं जाणवलं का? बाबांनी सांगितलं, पूर्वी पुठ्ठ्याला खळ लावली की कापड निवांत बसवता यायचं. शेवटच्या काही उन्हाळ्यांत कापड उचलेपर्यंत खळ वाळून जायची.

“मी त्याबद्दलच बोलतेय,” बाई म्हणाल्या. युद्धाचंही मग त्यांनी तसंच सोपं करून सांगितलं. शहर जळताना एकदा धूर होतो. ते पुन्हा उभं करायला सिमेंट-पोलादाच्या भट्ट्या पेटवाव्या लागतात, तेव्हा दुसऱ्यांदा. माणसं गेली ती गेलीच.

मग बाबांनी एका हाताची बोटं सूर्यासारखी वर पसरली, दुसरा तळहात खाली धरला आणि तो वाळत्या खळीसारखा हळूहळू आक्रसत नेला. मित्रांनी माना डोलावल्या. तेव्हापासून आमच्यात हवामानबदलाची हीच खूण.

बाई ती शिकल्या आणि प्रत्येक सभेत स्वतः करून दाखवू लागल्या. रविवारी बाबांकडे येऊन आणखी खुणा शिकायच्या. हात मात्र लाकडासारखे.

आपल्या राज्यातल्या कारखान्यांतला दारूगोळा कुठल्याही युद्धाला जाऊ नये, असा ठराव त्यांनी विधानसभेत मांडला. तो पाच मतांनी पडला. दुसऱ्या सकाळी त्या घरी आल्या आणि मला थांबवून स्वतःच बाबांना सांगू लागल्या. म्हणायचं होतं ‘आम्ही हरलो’. हातांनी झालं ‘आम्ही झोपलो’.

बाबा पोट धरून हसले. मग त्यांनी बाईंचं मनगट धरून नीट वळवून दाखवलं आणि पुढची सभा कुठे, असं विचारलं. बाईंनी पिशवीतून यादी काढली. पुढची सभा बस डेपोत होती, ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर. बाबा म्हणाले, मीही येतो.