विहाराचा स्लॅब

पिंगळीजवळच्या त्या वस्तीत विहाराचा स्लॅब पडणार होता आणि तोही बबिताच्या देखरेखीखाली, याचं किशनरावांना लय अप्रूप होतं. वस्तीतली पहिली इंजिनिअर पोरगी त्यांची. मे महिन्यात काँक्रीट वाळताना आकसतं आणि तडकतं, म्हणून तिनं आकसणं कमी करणारं केमिकल परभणीहून आणवलं होतं. लोक त्याला औषध म्हणत. औषध टाकलं की भेग पडत न्हाई, असं किशनराव घरोघर सांगून आले. तसं नसतं, औषधाच्या जोडीला सावली आणि ओल लागतेच, हे बबितानं समजावून पाहिलं. पण बापाचा फुललेला चेहरा बघून पुढं तिला बोलवेना.

काम सकाळीच उरकायचं होतं. मिक्सर वाटेत बिघडला, यायला दुपार झाली. बबितानं उद्यावर ढकलायचं सुचवलं, तर मजूर उद्या दुसरीकडं जाणार होते आणि बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. किशनराव हळूच म्हणाले, "औषध हाय की, बबे."

ती हो म्हणून गेली.

निम्मा स्लॅब झाला आणि वारा सुटला. कोरडा, भट्टीतून आल्यासारखा. मध्येच थांबलं तर जोड कच्चा राहिला असता, त्यामुळं थांबताही येईना. शेवटचं घमेलं पडेस्तोवर पहिल्या टोकाकडचं पाणी उडून वरचा थर पांढरा पडला होता. बबितानं ताडपत्र्या अंथरायला लावल्या. वाऱ्यानं त्या फडफडत उचलल्या. ओल्या काँक्रीटवर दगड ठेवता येईना, पाय देता येईना.

तेव्हा शेजारची पंचफुला आत्या शिडी चढून वर आली. कडेच्या फळीवर बसली आणि ताडपत्रीचं टोक तिनं मांडीखाली दाबलं. तिच्यामागं बाकीच्या बाया आल्या, म्हातारे आले, किशनरावही आले. बघता बघता चारी बाजूंनी माणसं बसली. डोळ्यांत धूळ जात होती, पण टोक कुणी सोडलं नाही.

बबितानं एका कडेनं ताडपत्री जराशी उचलून आत डोकावलं. भेगा पडल्या होत्या. वाळक्या तळ्यातल्या चिखलासारख्या, एकीतून दुसरी फुटत पार मध्यापर्यंत गेलेल्या.

"काय दिसायलंय?" किशनरावांनी विचारलं.

"भेगा हायत, दादा."

"स्लॅब खाली पडंल का?"

"पडणार न्हाई. पण पावसात पाझरंल. वरून भरून घेऊ, तरी पाझरंल."

किशनरावांनी बसलेल्या माणसांकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "सांगू नको आत्ता."

बबिता त्यांच्या शेजारी फळीवर बसली. पलीकडून पंचफुला आत्यानं ओरडून विचारलं, आणखी घट्ट धरू का? बबितानं होकारार्थी मान हलवली, आणि आपल्या वाटणीचं टोक मांडीखाली ओढून घेतलं.