छाती त्याची, श्वास माझा

मला आता कोणी काम सांगत नाही. इस्पितळाच्या मागच्या बाजूला परिचारिकांचा वर्ग भरतो, त्याच्या कोपऱ्यात मी उभा असतो. मी एक जुना व्हेंटिलेटर आहे, मित्रांनो. ज्यांना स्वतःचा श्वास घेता येत नाही त्यांच्या छातीत हवा भरायची, हाच माझा जन्मभराचा उद्योग.

माझी हल्लीची भावंडं म्हणजे नुसता पडदा आणि आकडे. मी तसा नव्हतो. माझ्या पोटात काचेचं एक नळकांडं होतं आणि त्यात काळ्या रबराचा भाता वर-खाली व्हायचा. ज्या कारागिराने मला जोडलं, तो माझ्यासमोर स्टूल टाकून बसला आणि माझ्या तालावर स्वतः श्वास घेऊ लागला. "फार घाई करतोयस रे," असं म्हणून त्याने एक स्क्रू जरासा पिळला आणि पुन्हा बसला. त्याच्या जिवाला बरं वाटलं, तेव्हाच त्याने मला गाडीत चढवू दिलं.

वॉर्डातल्या जुन्या नर्सबाई सांगायच्या, की त्यांच्या आजीच्या काळी माणसाच्या नाकाशी आरसा धरत. आरशावर वाफ धरली नाही की घरात रडारड सुरू. पुढे छातीला नळी लावून ठोके ऐकू लागले. ठोके थांबले, म्हणजे संपलं. मग थांबलेले ठोकेही पुन्हा सुरू करता येऊ लागले आणि माझ्यासारखे भाते खाटेशी येऊन उभे राहिले. 'संपलं' हा शब्द उच्चारायला डॉक्टर कचरू लागले, ते तेव्हापासून.

माझ्या उमेदीच्या काळात बेकरीवाल्या मावशींना आणलं. गल्ल्यावरच त्यांचं हृदय बंद पडलं होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी घाम गाळून ते सुरू केलं, पण मावशी काही डोळे उघडेनात. मी आपला हवा भरत राहिलो. शेवटी डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणाले, "मनाची तयारी ठेवा." मुलाने गावभर नातेवाइकांना कळवलंसुद्धा. आणि एका सकाळी मावशींनी माझ्या श्वासाच्या मध्येच आपला एक श्वास घुसवला. माझा भाता दचकला! हळूहळू त्या शुद्धीवर आल्या. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य काय, तर, "भट्टी कोण बघतंय?" सगळा वॉर्ड हसला आणि रडलाही. घरी जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लोक मला बघायला येऊ लागले. खोटं कशाला बोलू, मी थोडा फुशारलोच.

म्हणूनच पुढे जे झालं ते जड गेलं.

एक रंगारी होता. शाळेची भिंत रंगवताना शिडीवरून डोक्यावर पडला. सोबत आली त्याची धाकटी बहीण, त्याच शाळेतली शिक्षिका. मला त्याच्या खाटेशी लावलं. त्याची छाती भरायची, उतरायची. अंग ऊबदार. नखांत भिंतीचा निळा रंग. झोपला आहे असंच कोणालाही वाटलं असतं.

पण माझ्या श्वासात त्याने आपला श्वास कधी घुसवला नाही. मी वाट बघत होतो.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, बुबुळं हलतात का म्हणून कानात गार पाणी सोडून पाहिलं. मग बहिणीला समोर बसवून म्हणाले, "बाळ, तुझ्या दादाचा मेंदू पूर्ण थांबलाय. तो आता आपल्यात नाही."

"नाही कसा? छाती हलतेय की त्याची!"

"ती या यंत्रामुळे हलतेय."

"बेकरीवाल्या मावशींच्या मुलालाही तुम्ही असंच सांगितलं होतंत ना? सगळ्या गावाला माहीत आहे."

डॉक्टर जराही चिडले नाहीत. म्हणाले, "हो, आणि मी चुकलो होतो. पण त्यांच्या मेंदूत धुगधुगी होती. इथे ती उरलेली नाही. अजून एक तपासणी बाकी आहे. यंत्र बाजूला करायचं, प्राणवायू चालू ठेवायचा आणि तो स्वतः श्वास घेतो का ते बघायचं. तू बाहेर थांब."

"मी इथेच थांबणार. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

मला बाजूला केलं. दुसरे एक डॉक्टरही येऊन उभे राहिले. माझा भाता तळाशी जाऊन बसला. मित्रांनो, दुसऱ्याने श्वास घ्यावा म्हणून मी तेव्हा जितका आसुसलो होतो, तितका कधीच नाही. बहीण त्याच्या छातीकडे टक लावून होती. "दादा, घे ना रे. एकच घे," ती पुटपुटत होती.

छाती हलली नाही. डॉक्टर खूप वेळ थांबले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

बहीण भिंतीला टेकली. मग म्हणाली, "आई वाटेत आहे. दुपारपर्यंत पोहोचेल. ती येईपर्यंत लावून ठेवाल?"

डॉक्टरांनी मला परत जोडलं. गेलेल्या माणसाच्या छातीत मी हवा भरू लागलो. हे काम मला कोणी शिकवलं नव्हतं. मी कोणाला फसवतोय का, हेही मला कळेना.

आई आली. मुलीने तिला दारातच धरलं आणि काही न लपवता सांगितलं, "आई, दादा गेला गं. हा श्वास त्याचा नाही, यंत्राचा आहे."

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यंत्राचा तर यंत्राचा," ती म्हणाली. "घटकाभर असू दे."

ती खाटेवर बसली. लेकाचा ऊबदार हात मांडीवर घेतला. कानामागे हिरवा ठिपका दिसला, तशी पदर ओला करून पुसायला लागली. "अंघोळीची कायम घाई याला. कान कधी नीट धुतले नाहीत." मुलगी रडता रडता हसली. दोघी त्याच्या लहानपणाच्या खोड्या आठवत राहिल्या. मी माझं काम करत होतो आणि तेवढा वेळ घर पुरं होतं.

मग आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता पुरे. सोडा त्याला." माझी कळ बंद झाली. भाता खाली बसला. जाताना तिने माझ्या काचेवर बोटं टेकवली. "तूही दमलास, बाबा."

पुढे पडदेवाली यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. रबराला भेगा पडल्या, काचेवर धूळ साचली. माझी आठवण झाली ती थेट या वर्गासाठी. इथे मुली रबरी बाहुलीवर नळ्या जोडायला शिकतात. बाहुलीला आई नाही, बहीण नाही. तिचं सगळं सोपं असतं.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. यंत्रांची निगा राखा, नळ्या स्वच्छ ठेवा, रबर वाळू देऊ नका. पण यंत्र लागलं म्हणून खाटेवरच्या माणसाला परकं करू नका. आकड्यांच्या आधी त्याचा चेहरा बघा. तो परत येईल की नाही, हे कधी कधी मोठ्या डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही, आणि मला तर कधीच आलं नाही. मी फक्त हवा भरतो. तेवढा वेळ त्याचा हात धरून बसायला माणूसच लागतो.