चपट्या तोंडाच्या गोळ्या

डबा उघडला अन् माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मले चपट्या तोंडाच्या गोळ्या पाहिजे होत्या. मधे बारीक कंबर, मागून पोकळ, वजनाले हलक्या. चिठ्ठीवर मी कंपनी लिहिली होती, नंबर लिहिला होता, खाली दोन रेघा मारल्या होत्या. अन् डब्यात काय? स्लग! लांबट, भरीव शिशाचे तुकडे. दमदार बंदुकीतून लांबवर मारासाठी असतात ते. आमच्या क्लबच्या एअर रायफलीत घातला तं नळीतच अडकून बसन.

आमचा क्लब म्हणजे वरठीतलं एक टिनाचं शेड. चंद्रकुमार सरांनी एक स्लग चिमटीत धरून पाहिला अन् परत ठेवला.

"रुचिका, हे कोनी आनलं?"

"बाबांनी."

सरांनी झाकण लावून डबा माह्याकडं सरकवला. ते मले जास्त झोंबलं.

शुक्रवार होता तो. रविवारी नागपूरले राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड. साठ शॉट मारा लागतात, अन् माह्या जुन्या डब्यात उरल्या होत्या बावीस गोळ्या. दुसऱ्या कोणाच्या मागून आणाव्या म्हटलं तं तसं जमत नाही. नळीचेबी नखरे असतात, प्रत्येकीले वेगळी गोळी मानवते. तीन आठवडे सरांनी अन् मी चार कंपन्यांच्या गोळ्या मारून पाहिल्या, तवा कुठं ही एक सापडली. पाच मारल्या तरी कागदावर एकच भोक पडे. मागच्या वर्षी माही निवड दीड गुणानं हुकली. यंदा ज्युनिअरमधलं शेवटचं वर्ष. हा रविवार गेला का खेळ खल्लास.

गुरुवारी माही कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा होती, अन् बाबा जाळ्याचा दोरा आणाले भंडाऱ्याले जाऊन राहिले होते, म्हणून तिथल्या बंदुकीच्या दुकानात दाखवाले त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. एक काम! एक काम सांगितलं होतं!

तशीच बस धरून आंधळगावले उतरली अन् थेट तलावाच्या पाळीवर गेली. आमी ढीवर, तलावातले मासे धराचा आमचा पिढ्यांचा धंदा. बाबा चार जणांसंग बसून फेकजाळ्याच्या काठाले शिशाचे मणी ओवत होते. टिकाराम काका होते, डोमा होता. मी डबा बाबांच्या पुढ्यात आपटला.

"हे काय आनलं तुमी?"

बाबांनी मान वर केली. "गोळ्या. दोन डबे आनले. काहून, कमी पडतीन का?"

"ह्या माह्या बंदुकीत चालतच नाही!"

"पन चांगल्या जड आहेत वो," बाबा समजावून सांगू लागले. "दुकानवाल्यानं दोन जातीच्या समोर ठेवल्या. मी दोनी तळहातावर घेऊन पाहिल्या. ती चपटी तं फुकलं का उडन अशी. हलका मनी लावला का जाळं वाऱ्यानं वाकडं पडते, जड मनी सरळ खाली जाते. मले वाटलं, गोळीचंबी तसंच असन."

झालं. माहा तोल गेला.

"तुमाले काय समजते? साऱ्या जिंदगीत जाळ्याबिगर काही पाहिलं का तुमी? बंद शेडमधे कुठचा वारा लागते? तुमच्यासारख्या मानसाच्या हातात चिठ्ठी देली, माहीच अक्कल गहाण पडली होती!"

डोमा फिसकन हसला. टिकाराम काका म्हणाले, "हळू बोल वो पोरी, बाप आहे तो." पण मी कायले हळू बोलतो? माहा रविवार चालला होता. बाबांनी हातातला मणी दोऱ्यात ओवला, गाठ मारली, अन् हळूच म्हणाले, "चिठ्ठी मी दाखवली होती."

"मंग?"

"त्यानं वाचली. हासला. अन् दोन डबे समोर ठेवले. म्हने, घे तुले पाहिजे तो."

म्हणजे त्या दुकानदाराले माहीत होतं! चिठ्ठीत काय लिहिलं ते वाचून, समजून, त्यानं चुकीचा माल गळ्यात मारला. आता तं माहा राग दुप्पट झाला. शनिवारी सकाळी दुकान उघडलं तसे आमी दोघं बाबांच्या मोटरसायकलीवर भंडाऱ्याले पोचलो.

दुकानदार अगरबत्ती फिरवून राहिला होता. मी दोन्ही डबे काचेवर ठेवले अन् विचारलं, "चिठ्ठी वाचता आली होती ना तुमाले?"

"खुला हुआ माल वापस नाही होत," तो म्हणाला. "अन् ह्यानंच निवडला ना हाताने. विचारा त्याले."

"चिठ्ठीत नाव असताना तुमी स्लग दाखवलाच कायले?"

त्यानं बाबांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अवो म्याडम, तलावावरचा मानूस. पाखरं माराले पाहिजे असन, असं वाटलं. चिठ्ठी पडलेली सापडली असन कुठं तरी. म्याचची गोळी याले काय समजते?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. ते बाबांकडं पाहू लागले. मी स्पर्धेचं ओळखपत्र काढून त्याच्या काचेवर आपटलं.

"हे वाच! रुचिका देवानंद मेश्राम. अन् हे देवानंद मेश्राम, माहे बाबा! पाखरं माराले नाही, राज्याच्या संघासाठी गोळ्या न्याले आले होते ते. तुले कोनी अधिकार देला त्यांच्याबद्दल असं बोलाचा? उद्या माही निवड आहे. आत्ताच्या आत्ता माल बदलून दे, नाही तं इथून मी हलत नाही. येणाऱ्या एकेक गिऱ्हाईकाले सांगन तू काय केलं ते!"

एक गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, देऊन टाक ना भाऊ." दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण न फोडलेला डबा घेतला अन् फळीवरून माह्या गोळ्यांचा डबा काढून दिला. मी तिथंच उघडून पाहिला. चपट्या तोंडाच्या, हलक्या, बरोबर त्याच. रविवार वाचला.

"आता माफी माग त्यांची," मी म्हटलं.

"चाल वो माय," बाबा म्हणाले. "उशीर होते. सर वाट पाहत असतीन."

बाहेर आली तरी माहं तोंड थांबेना. "तुमी मले काहून आवरलं? चार लोकांसमोर तो तुमचा असा अपमान करते म्हणजे काय! तुमाले काहीच कसं वाटत नाही?"

बाबांनी गाडीले किक मारली. गाडी सुरू झाली नाही. दुसरी मारली अन् माह्याकडं न पाहताच म्हणाले, "तो तं परका मानूस आहे, रुचिका. त्याचं मले नाही लागलं."

तिसऱ्या किकेले गाडी सुरू झाली. मी डबा ओढणीत धरून मागं बसली. काल पाळीवर चार जणांसमोर मी त्यांना काय काय बोलली ते आठवलं, अन् मले लई लाज वाटली.