पहिल्या पानावर

नणंदेने लॅपटॉप वहिनीकडे वळवला आणि पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"दोन महिन्यांत अकरा वेळा उघडलंय. त्यातल्या सात वेळा मीच."

वहिनी टॉवेलच्या घड्या घालत होती. पक्षाघाताने नवऱ्याची वाचा गेली होती. ज्याच्या एका आरोळीने अख्खी बस पुढे सरकायची, तो कंडक्टर 'पाणी' म्हणतानाही अडायचा. दीड वर्ष खपून तिने त्याचा एकेक शब्द परत आणला. कसा, ते तीन वह्यांत लिहिलं. नणंदेने त्या वह्यांची वेबसाइट केली. नाव वहिनीनेच दिलेलं: 'वाचेचा पुनर्जन्म'.

"नाव झकास आहे गं, पण असं शोधतं कोण? लोक जे शब्द टाइप करतात, ते ज्या पानावर असतील आणि जिथे वाचणारे थांबतील, ते पान वर येतं. आपण खिजगणतीतही नाही. दादा पडला तेव्हा तू काय शोधलं होतंस?"

"पक्षाघात, उपचार..."

"ते डॉक्टर शोधतात. तू काय शोधलंस?"

वहिनीने घातलेली घडी मोडली. खिडकीपाशी नवरा चित्रांची कार्डं लावत बसला होता. ती आवाज खाली आणून म्हणाली,

"बोलता न येणाऱ्या नवऱ्याला सोडलं तर पाप लागतं का."

नणंदेने खिडकीकडे पाहिलं. शेवटी तो तिचा सख्खा भाऊ होता.

"काही सापडलं?"

"वकिलांच्या जाहिराती."

खुर्ची करकरली. नवरा भिंतीच्या आधाराने टेबलापाशी आला. वहिनी उठू लागली, तर त्याने डाव्या हाताने तिचा खांदा दाबला. शब्द जुळायला वेळ लागला. दोघी थांबल्या, मधेच शब्द पुरवायचा नाही, असं वहीतच लिहिलेलं होतं.

"ते... लिही. वर. मोठं."

नणंदेने जुनं नाव पुसलं. वहिनीने तो प्रश्न स्वतः टाइप केला आणि खाली त्या दिवसाची हकिकत लिहिली, बॅग भरली तिथपर्यंत.

पान हळूहळू वर सरकलं. पाच महिन्यांनी तो प्रश्न टाकला की शोधाच्या पहिल्या पानावर दिसू लागलं. त्याच आठवड्यात कुणा अनोळखी बाईचं एका ओळीचं पत्र आलं.

'मग तुम्ही गेलात का?'

वहिनीने दोनदा उत्तर टाइप करून पुसलं. तेव्हा नवऱ्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं शोधू लागला. या विषयावर दोघं कधी बोलले नव्हते.

'गेली होती. नऊ दिवस.'

मग त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"पुढचं... तू."